गाईड आहे ना, मग काळजी कसली?

आमच्या नात्यागोत्यातल्या तरुण मंडळींना सध्या सांदण दरीचं वेड लागलंय. आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाशेजारी ही दरी आहे. दरी कसली, जमिनीला पडलेली भेगच ती! दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये गार पाण्याचे डोह, मग मोठमोठ्या शिळा, पुढे दोर लावून उतरायचे कडे आणि खाली कोकणात, शहापूर तालुक्यातल्या डेहण्याच्या बाजूला बाहेर. जरूर जा. पाय धड आहेत तोवर नाही जायचं तर कधी?

माझं भांडण आहे ते "गाईड आहे ना, मग काळजी कसली?" या वाक्याशी. हल्ली आईवडीलही हेच म्हणतात. जणू गाईड म्हणजे विम्याची पावती!

अहो, सांदण ही मुळात पाण्याची वाट. वर पाऊस झाला की सगळं पाणी त्या चिंचोळ्या भेगेत शिरतं आणि आतल्या माणसाला बाजूला व्हायला जागा नसते. म्हणून पावसाळ्यात तिथे उतरायचं नसतं. पण वळीव काही कॅलेंडर बघून येत नाही, आणि दरीत उभं राहून आभाळ दिसतं ते चिंधीएवढं.

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ २७ जुलै १९९९ रोजी अशाच एका घळीत पर्यटक गाईडसकट उतरले होते. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला, लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यांत ३ गाईड होते. पुढे २००१ मध्ये न्यायालयाने आयोजक कंपनीतल्या माणसांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. तिथे गाईड होते, नव्हता तो "आज नाही" म्हणणारा माणूस.

गाईडचं खरं काम हेच. पण आपण त्याला ते करू देतो का? बस निघालेली असते, पैसे भरलेले असतात. ज्याला ढगाचा रंग कळतो तो साम्रदचा मुलगा बऱ्याचदा दोर वाहायला आणि पिठलं-भाकरी वाढायला. निर्णय घेणार शहरातून आलेला लीडर. आणि सहल रद्द झाली की "पैसे परत द्या" म्हणून ओरडणारे आपणच!

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी आहे. ती बघाच. पण पैसे भरण्याआधी आणखी तीन प्रश्न विचारा. दरीत उतरायचं की नाही हे त्या सकाळी कोण ठरवणार? ठरवताना साम्रदच्या माणसाचं ऐकणार का? आणि तो नाही म्हणाला, तर त्याला त्या दिवसाची मजुरी मिळणार का?

तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तरच जा. परत फिरावं लागलं, तर रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहून या. तेही बघण्यासारखं आहे.