दरडीचा इशारा वाडीपर्यंत जायला हवा

डोंगरउतारावर मुरणारे पाणी हे सह्याद्रीतील बहुतेक दरडींचे मूळ आहे. कर्जत-खालापूरचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनले आहेत. त्यांच्या उतारांवर झिजलेल्या खडकाची माती आणि मुरूम साचलेला असतो. संततधार लागली की पाणी या मातीत मुरते, खालच्या कातळाशी अडते, आतला दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. म्हणून दरडीचा अंदाज बांधताना त्या दिवसाच्या पावसाइतकाच आधीच्या दोन-तीन दिवसांचा पाऊसही मोजावा लागतो.

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, ती अशाच पावसानंतर. सरकारने विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार त्या परिसरात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. इर्शाळगडाच्या कुशीतील या ठाकर वस्तीला रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत आणि जवानांना हातांनी ढिगारा उपसावा लागला. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते. ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हेही सरकारनेच सांगितले.

अशी यादी पूर्वीच्या घटना आणि पाहणी यांवरून तयार होते. त्यामुळे जेथे दरड कधी नोंदली गेली नाही, ती जागा सुरक्षित मानली जाते. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले, महाड तालुक्यातील तळिये २२ जुलै २०२१ रोजी. प्रत्येक आपत्तीनंतर यादी वाढते, पण पुढची दरड यादीबाहेर पडू शकते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १:५०,००० प्रमाणाचे दरडप्रवणता नकाशे केले आहेत. त्यांवरून डोंगररांग कळते, एका वाडीचा धोका ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक वस्तीच्या वरचा उतार चालून पाहावा लागतो.

दुसरी गरज पाऊस मोजण्याची. हवामान खात्याचा लाल इशारा साधारणपणे संपूर्ण जिल्ह्याला असतो. अलिबागचा किनारा आणि माथेरानचा पायथा यांना एकच रंग लागला, तर वाडीतल्या माणसाने त्यावरून घर सोडावे की नाही हे ठरत नाही. डोंगरमाथ्याजवळचे स्वयंचलित पर्जन्यमापक आणि साचलेल्या पावसाची ठरवलेली मर्यादा यांवरच नेमका इशारा देता येतो. हाँगकाँगमध्ये १९७७ पासून दरडीचा इशारा दिला जातो आणि तेथे शंभराहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक त्यासाठी वापरले जातात. भारतात कोलकात्याच्या राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन १९ जुलै २०२४ रोजी, इर्शाळवाडीच्या बरोबर वर्षाने झाले. नियमित अंदाजाची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरी जिल्ह्यांपासून झाली. रायगडच्या जुन्या दरडी आणि त्या वेळचा पाऊस तपासून येथेही तालुकानिहाय मर्यादा ठरवणे आवश्यक आहे.

तिसरी नजर गावकऱ्यांची. उतारावर नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, भिंतींना तडे जाणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे ही डोंगर हलू लागल्याची लक्षणे असतात. भातलावणीच्या दिवसांत रोज उतारावर वावरणाऱ्यांना ती आधी दिसतात. ती कळवण्यासाठी एक ठरलेला फोन आणि त्याच दिवशी पाहणी करणारा अधिकारी हवा.

इशारा मिळाल्यावर कोणी, कुठे आणि कोणत्या वाटेने जायचे हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे. वाड्यांत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. तेथे भोंगा लागतो. दरडी रात्रीही कोसळतात, म्हणून स्थलांतर अंधार पडण्यापूर्वी व्हायला हवे. निवाऱ्यात अन्न, पाणी आणि गुराढोरांची सोय नसेल तर लोक घर सोडत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. पोलीस पाटील, तलाठी व ग्रामसेवक यांना वरून आदेश येण्याची वाट न पाहता वाडी खाली करण्याचा लेखी अधिकार मिळाला पाहिजे.

कायमचे पुनर्वसन हाच खरा उपाय, पण त्याला वर्षे लागतात. तोवर डोंगरकुशीतील प्रत्येक वाडीची पाहणी, माथ्याजवळ पर्जन्यमापक आणि पायथ्याशी सज्ज निवारा ही तीन कामे राज्य सरकारने पुढच्या पावसाळ्याआधी पूर्ण करावीत.