भुयारी मेट्रोला लोकलसारखा पास द्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत पोचली आणि आरेपासूनचा ३३.५ किलोमीटरचा मार्ग एकदाचा पूर्ण झाला. २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. विमानतळ, सिद्धिविनायक, वरळी... लोकल जिथे कधी गेलीच नाही तिथे आता गाडी थांबते. काम उत्तम झालंय, त्यात वाद नाही.

पण या भुयाराची किंमत मुंबईने तिकीट काढायच्या आधीच मोजली आहे. आरेत २०१९ साली रातोरात झाडं तोडली. मग कारशेड कांजूरला, मग परत आरेला. २३ हजार कोटींचा प्रकल्प ३७ हजार कोटींवर गेला. गिरगाव-काळबादेवीतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडली. दादर-माहीमने कित्येक वर्षं पत्र्याच्या आडोशाला वळसा घालत काढली. रात्रीच्या आवाजाविरुद्ध कफ परेडवाले हायकोर्टात गेले, त्यांचं ऐकलंही गेलं. चाळीतल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

आणि आता भाडं? आरे ते कफ परेड ७० रुपये. जाऊन-येऊन १४०. महिन्याचे पंचवीस दिवस धरा, ३५०० रुपये. चर्चगेट-अंधेरी सेकंड क्लासचा महिन्याचा पास दोनशेच्या आसपास पडतो. एसी आहे, धक्के नाहीत, थोडे जास्त घ्या की! पण इतके?

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १८६३ साली सुरू झाली. कोळशाचं इंजिन, बोगद्यात धूरच धूर. पण दुसऱ्याच वर्षी तिथे पहाटे कामगारांसाठी वेगळ्या गाड्या सुटू लागल्या, जाऊन-येऊन तीन पेनी. आणि ती तर नफ्यासाठी चालवलेली खासगी कंपनी होती!

यावर ठरलेलं उत्तर येतं, जपानचं कर्ज कोण फेडणार? बरं. मग कोस्टल रोडचं बघा. हजारो कोटी महापालिकेचे, म्हणजे आपलेच. मलबार हिलखाली तिथेही भुयार खोदलंय. टोल किती? शून्य. गाडीत एकटा बसलेला माणूस मरीन ड्राइव्ह ते वरळी फुकट जातो आणि मेट्रोत उभा राहणारा मात्र दरवेळी पैसे मोजतो. तिथे खर्च वसूल करायचं कुणाला आठवलं नाही.

मागणी साधी आहे. महिनाभर कितीही वेळा फिरा असा परवडणारा पास, आणि तोच लोकल, बेस्ट, मेट्रो तिन्हीकडे चालावा. सगळी तिकिटं एका ॲपवर आणून झाली, पण भाडं काही एक झालं नाही. कल्याणहून येऊन सीएसएमटीला उतरणाऱ्याला वरळीला जायला पुन्हा नवं भाडं का, हे आपापल्या आमदाराला आणि नगरसेवकाला विचारा. उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये टाका.