सामाईक विहिरीतली आपली पाळी



सामाईक विहिरीचा व्यवहार शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. खोदाईला कोणी किती पैसा घातला, मोटर कोणाची, पाण्याची पाळी कोणाची, हे आधी ठरले नाही तर ऐन उन्हाळ्यात भांडण ठरलेले. देशादेशांनी मिळून करायच्या विज्ञान संशोधनाचा हिशेबही असाच आहे. त्याचे दोन दाखले मुंबईच्या उपनगरात उभे आहेत.

पहिला पवईचा. १९५८ साली सुरू झालेल्या आयआयटीला युनेस्कोमार्फत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ मिळाले, ते मुख्यतः सोव्हिएत रशियाचे. इमारती आणि दरसालचा खर्च मात्र भारताने उचलला. रशियाची मदत पुढे थांबली, १९९१ साली सोव्हिएत संघच मोडला. पवईचे काम थांबले नाही.

दुसरा दाखला ट्रॉम्बेचा. तेथली सायरस अणुभट्टी १९६० साली सुरू झाली. भट्टी कॅनडाच्या मदतीची, जड पाणी अमेरिकेचे. १९७४ साली पोखरणच्या स्फोटात याच भट्टीतले प्लुटोनियम वापरले गेले आणि कॅनडाने अणुसहकार्य तोडले. स्फोट योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. देणाऱ्याने हात आखडला की काय होते, एवढेच पाहायचे. याच भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांच्या माऱ्याने बियाण्यात बदल घडवून नवे वाण काढण्याचे काम चालले होते. ते बंद पडले नाही. त्यातून आलेला टीएजी-२४ भुईमूग १९९१ साली प्रसारित झाला. उन्हाळी भुईमूग करणाऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको.

यावरून कोणी 'परक्याचे ज्ञानच नको' असा निष्कर्ष काढील, तर ते आम्हाला मान्य नाही. मेक्सिकोत १९४३ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि तेथले सरकार यांनी मिळून शेती संशोधन सुरू केले. त्यातून बुटका गहू निघाला. १९६६ साली भारताने त्याचे १८,००० टन बियाणे आणले. १९६४-६५ साली देशात गहू सव्वा कोटी टनांच्या आसपास पिकत होता, १९६९-७० साली तो दोन कोटींवर गेला. तेव्हा सरहद्दीवर बियाणे अडवले असते तर अमेरिकेच्या जहाजांची वाट पाहणे संपले नसते. पुढे त्याच गव्हाला भाव पाडून मारले, तो दोष विज्ञानाचा नव्हे, सरकारी धोरणाचा.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. २०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्था गुंडाळली. तिच्या पैशावर चालणाऱ्या शेती संशोधनाच्या कित्येक प्रयोगशाळांना कुलूप लागले. वाणाची चाचणी अर्ध्यावर सोडली तर नुसता पैसा बुडत नाही, हंगाम बुडतात. बियाण्याची एकेक पिढी वाढवायला वेळ लागतो, तो नंतर चेकने भरून निघत नाही.

आपले सरकार विज्ञानाच्या मोठ्या गोष्टी करते आणि देशाच्या एकूण उत्पादनातला एक टक्काही संशोधनाला देत नाही. ज्याने खोदाईला पैसा घातला नाही त्याने पाळी मागायची कोणत्या तोंडाने?

तेव्हा आमचे म्हणणे तीन मुद्द्यांचे आहे. परदेशांबरोबरच्या शेती संशोधनात भारताने आपला वाटा रोख घालावा आणि तो अनेक वर्षांसाठी बांधून द्यावा. कराराच्या अटी, म्हणजे वाणावर हक्क कोणाचा आणि बियाण्याची किंमत कोण ठरवणार, मराठीत छापून शेतकऱ्यांपुढे ठेवाव्यात. आणि चाचणीत खरे उतरलेले तंत्रज्ञान वापरायचे की नाही, हा निर्णय शेतकऱ्याकडे राहावा, दिल्लीतल्या फायलीकडे नव्हे.

जिल्हा बैठकीत या तीन मुद्द्यांवर ठराव घ्यावेत. भीक आपण कधीच मागितली नाही. येथे तर वाटा घालून पाळी मागायची आहे.