विश्लेषण : सकाळचा कोको खरेच आरोग्यदायी? की फायदा कोकोचा आणि भर साखरेची?

शाळेची बस येण्याआधी मुलाच्या दुधात दोन चमचे चॉकलेटी पावडर, ही अनेक घरांतली रोजची सवय. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गवारीतून काढण्याची सूचना ई-कॉमर्स कंपन्यांना केली. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ची व्याख्याच नाही, हे त्यामागचे कारण. दुसरीकडे, ‘कोको हृदयाला चांगला’ असे संदेशही मोबाइलवर फिरत असतात. यात तथ्य किती?

कोकोमध्ये असे काय असते?

कोकोच्या बियांत फ्लॅव्हॅनॉल नावाची संयुगे भरपूर असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होण्यास मदत होते, वाहिन्या सैलावतात आणि रक्तप्रवाह सुधारतो. रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल घेतल्यास वाहिन्यांची लवचीकता टिकते, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये ग्राह्य धरला.

हृदयविकार टळतो का?

अमेरिकेतील ‘कॉसमॉस’ चाचणीत २१,४४२ ज्येष्ठांचा समावेश होता. कोको अर्क घेणाऱ्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी आढळले. मात्र हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा सर्व घटनांची एकत्रित घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हती. शिवाय ती ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉलची कॅप्सूल होती, कपभर गोड कोको नव्हे. चाचणीला चॉकलेट उत्पादक ‘मार्स’चे अंशतः अर्थसाह्य होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये असा दावा छापण्यास मुभा दिली, पण किमान ४ टक्के फ्लॅव्हॅनॉल असलेल्या पावडरीपुरती आणि ‘पुरावा अत्यंत मर्यादित’ असे नमूद करण्याच्या अटीवर.

मग डब्यातल्या पावडरीचे काय?

कडवटपणा कमी व्हावा, रंग गडद यावा म्हणून कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करतात. त्यात फ्लॅव्हॅनॉल मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. चॉकलेटी पेयांच्या पावडरीत तर कोको थोडाच, साखर आणि माल्ट अधिक. समाजमाध्यमावरील टीकेनंतर २०२३ मध्ये बोर्नव्हिटाने अतिरिक्त साखर १०० ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणली. म्हणजे २० ग्रॅम पावडरीतून साडेसहा ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. वरून घातलेला चमचा वेगळाच. साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत असणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना प्रौढांबाबत सांगते. मुलांसाठी ही मर्यादा आणखी कमी.

आपल्याकडे वेगळी काळजी का?

चहाप्रमाणेच कोकोतील पॉलिफेनॉलमुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला रक्तक्षयग्रस्त आहेत. पोह्यांवर लिंबू पिळून मिळवलेला फायदा सोबतच्या कोकोने कमी होऊ शकतो. लोहाची गोळी तर कोकोसोबत घेऊच नये.

प्यायचाच असेल तर कसा?

अभ्यासांत मोजली गेली ती दिवसभराची मात्रा, न्याहारीची वेळ नव्हे. मात्र कोकोत कॅफिन असल्याने रात्रीपेक्षा सकाळ बरी. बिनसाखरेची, अल्कली प्रक्रिया न केलेली पावडर एखादा चमचा घ्यावी; न्याहारी आणि कोको यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. केळे घालून मिक्सरमधून फिरवू नये : २०२३ च्या एका छोट्या अभ्यासात केळ्यातील एन्झाइममुळे शरीरात पोहोचणारे फ्लॅव्हॅनॉल ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे, कारण कोकोत ऑक्सलेट असते.

वर्गवारीतून ‘हेल्थ’ शब्द गेला, तरी डब्यातला पदार्थ बदललेला नाही. घटकांच्या यादीत साखर कोकोच्या आधी असेल, तर तो साखरेचा डबा समजावा.