मध्ये काय घालायचे?

ज्या गावाच्या नावातच मधोमध आडवी रेघ आहे, त्या गावच्या माणसाने जोडणीवर बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? पिंपरी एक, चिंचवड दुसरे. १९७० साली आकुर्डी-भोसरीला बरोबर घेऊन त्यांची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि १९९७ साली आणखी १८ गावे आत आली. नाव मात्र पहिल्या दोघांचेच राहिले. सगळ्यांनी हक्क सांगितला असता, तर पाकिटावर तिकीट चिकटवायला जागा उरली नसती.

आमच्याकडे पोटपाणीही जोडणीवरच चालते. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो माणसे रोज सकाळी कामावर जातात ती जोडायला. हात नव्हे, सुटे भाग! कुठल्या दोन भागांच्या मध्ये वायसर घालायचा आणि नट किती आवळायचा, हे तिथे ठरलेले असते. एखादा भाग आलाच नाही तर लाइन थांबते. रिकाम्या जागेवर दोन वायसर ठोकून गाडी पुढे ढकलायची, असे करणारा फिटर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर दिसेल.

माझा भाचा हिंजवडीला असतो. तोही जोडतो, पण शब्द. यादीतल्या सुट्या घटकांची, म्हणजे त्याच्या भाषेत ‘अ‍ॅरे’ची, एक सलग ओळ करायची. तिला म्हणायचे ‘स्ट्रिंग’. त्यासाठी ‘जॉइन’ नावाचे तयार फंक्शन असते. पीएचपी नावाच्या भाषेत त्यालाच ‘इम्प्लोड’ म्हणतात.

“म्हणजे स्फोट?” मी दचकून विचारले.

“आतल्या आत होणारा, मामा. यादी द्यायची, मध्ये काय घालायचं ते सांगायचं, बस्स! पाच बोटांत चार फटी असतात ना, तसे पाच शब्दांत चार स्वल्पविराम बरोबर पडतात. शेवटी शेपूट राहत नाही. एका ओळीचं काम आहे!”

वाचकहो, माझे भांडण या फंक्शनशी नाही. ते बिचारे सांगितल्या कामाचे आहे. माझे भांडण आहे ते ‘एका ओळीचं काम’ या तीन शब्दांशी.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. यजमानांची हयात कारखान्यात गेली. आता काकूंना त्यांच्या मागे पेन्शन मिळते. घर स्वतःचे, जुने, बैठे; त्याला इमारतीचे नाव नाही. एका कार्यालयाकडून त्यांना पत्र आले, त्यावर इमारतीच्या जागी इंग्रजीत ‘नल’ असे छापलेले. पोस्टमन ओळखीचा, म्हणून पत्र पोचले. “काकू, नळाजवळ राहता असं लिहिलंय,” एवढेच तो म्हणाला. मी दमयंतीची चौकशी केली. इथवर सगळे हसलो.

पुढे हसू आले नाही. यजमान वारले, म्हणून तिथे कोणीतरी काकूंच्या नावातली मधली जागाही रिकामी करून टाकली होती. बँकेत मात्र नाव पूर्ण. यंत्राने दोन सलग ओळी शेजारी ठेवल्या आणि निकाल दिला: जुळत नाही. तीन महिने पेन्शन बंद. “सिस्टीम घेत नाही हो,” खिडकीमागचा माणूस म्हणाला. चाळीस वर्षांचा संसार दोन शब्दांमधल्या फटीत पडला, आणि तो उचलून द्यायला कोणी वाकेना.

मी भाच्याला खोदून खोदून विचारले. जावास्क्रिप्टमधला जॉइन रिकामा घटक मुकाट्याने गिळतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम तसेच ठेवतो. मध्ये काय घालायचे ते सांगितले नाही, तर आपल्या मनाने स्वल्पविराम घालतो. जावामधला सरळ ‘नल’ असा शब्द छापतो. पायथनमधल्याला मात्र अक्षरांच्या यादीत नुसता आकडा जरी सापडला, तरी तो काम थांबवून ओरडतो. मला हा तिसरा आवडला. चाकणला चिकटला असता!

“मग रिकामे घटक आधीच गाळून टाकू,” भाचा म्हणाला.

गाळा ना! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावासाठी सरकारी कागदांत क्रम ठरला आहे: बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आता चारांतले एक रिकामे आहे आणि तुम्ही ते गाळून उरलेली तीन जोडलीत. मधले नाव आईचे की वडिलांचे? ओळ छान, सलग दिसते आणि सांगत काहीच नाही.

“हवं तर पुन्हा तोडून बघता येतं.”

कुठे तोडणार, बाळा? ‘पिंपरी-चिंचवड-पुणे’ रेघेवर तोडलेस तर दोन शहरांची तीन होतील. मोकळ्या जागेवर तोडायचे म्हणशील, तर पिंपळे सौदागरातला सौदागर एकीकडे आणि पिंपळे गुरवातला गुरव दुसरीकडे. जोडताना मध्ये घातलेली खूण मुळातल्या शब्दांतही असेल, तर तोडणाऱ्याला सांधा कळणार कसा?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की दप्तरी नावाचे आणि पत्त्याचे भाग सुटेच ठेवा. पाकिटावर छापायच्या वेळी खुशाल जोडा. पण माणूस ओळखायचा असेल, तेव्हा ती जोडलेली ओळ पुढे करू नका; भागाशी भाग लावून बघा. आणि एखादी जागा रिकामी दिसली, तर ती का रिकामी आहे हे त्या माणसालाच विचारा. काकू दुपारी फाटकाशीच उभ्या असतात. एका हाकेचं काम आहे.