रात्री चोरी, दिवसा पुनर्विकास

ऑगस्ट २०२२ मध्ये जांब समर्थच्या देवळातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा आमच्या तीर्थपुरीत कुणी पंचधातूचा भाव विचारला नाही. जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातलं, समर्थ रामदासांचं जन्मगाव. लोक चिडले, विषय विधानसभेत गेला आणि शेवटी मूर्ती सापडल्या.

पण जुनं चर्च पाडायची गोष्ट निघाली की हीच आपण माणसं (मीही त्यात आलो) दोनच प्रश्न विचारतो. तिथे येतं कोण? आणि जागेचा भाव काय?

फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, १७९६ सालचं सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे. व्यापारासाठी आलेल्या आर्मेनियन लोकांनी ते बांधलं. मुंबईत आता ते बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. तिथे प्रार्थना करत आले ते केरळहून आलेले सीरियन ख्रिस्ती. एका परक्यांनी बांधलं, दुसऱ्या परक्यांनी त्यात दिवा लावला. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या मराठवाड्याच्या पोरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला हवी का?

‘मग लोकांना घरं नकोत?’ हवीत. मी स्वतः तिघांबरोबर भाड्याच्या टूबीएचकेत राहतो. पण फोर्टमध्ये चर्चच्या जागी टॉवर उठला, तर त्यात माझं घर नसणार. फार तर तिथल्या एखाद्या ऑफिसात मी रात्रपाळीला असेन.

‘मालकाने नुकसान का सोसावं?’ हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर कागदावर आहे. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली. वारसा वास्तूच्या मालकाला जो एफएसआय वापरता येत नाही, तो टीडीआर म्हणून विकायची वाट तिने खुली केली. वास्तूही राहते, पैसाही मिळतो. पण वास्तूचं नाव यादीत चढवायला आणि तिथे टिकवायला कुणीतरी मागे लागावं लागतं. ज्या समाजाची मतं शंभरसुद्धा नाहीत, त्याच्यासाठी कोण मागे लागणार?

‘नवीन बांधून देऊ की!’ माझगावचं ग्लोरिया चर्च १६३२ चं होतं. ते पाडलं गेलं. आज भायखळ्याला दिसतं ते १९११ ते १९१३ दरम्यान बांधलेलं. देखणं आहे, नाव तेच आहे. पण माझगावात कोण, कुठून आलं, कुठे गुडघे टेकून बसलं, हे दाखवणाऱ्या भिंती परत आल्या नाहीत. कोड डिलीट केला तर आम्ही बॅकअपमधून परत आणतो. दगडाचुन्याला बॅकअप नसतो.

म्हणून नोटीस लागेपर्यंत थांबू नका. तुमच्या गल्लीत एखादं जुनं चर्च, अग्यारी, सिनेगॉग, दर्गा किंवा देऊळ असेल, तर ते वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत आहे, हे आजच बघा. नसेल तर महापालिकेला अर्ज करा. पुनर्विकासाच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या, तर स्टेटस टाकून थांबू नका, लेखी हरकत द्या.

जांबच्या मूर्ती चोरांनी रात्री नेल्या, म्हणून पोलीस शोधायला निघाले. दिवसाढवळ्या, सही-शिक्क्यानिशी पाडलेल्या भिंतीची तक्रार कुठल्या ठाण्यात नोंदवायची?