हातघडणीच्या गाडीला क्रमांक कोण देणार?

शहापूर तालुक्यातील शेणवा हे काही मोटार उद्योगाच्या नकाशावरचे गाव नव्हे. हा मुलूख भातशेतीचा. पावसाळ्यात चिंब आणि उन्हाळ्यात कोरडाठाक. भातसा, तानसा, मोडकसागर या जलाशयांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते आणि उन्हाळ्यात याच भागातील पाडे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, हे आता बातमी म्हणूनही कोणाला नवे राहिलेले नाही. त्या टँकरची टाकी, घरातली धान्याची पत्र्याची कोठी, टेम्पोचा हौदा, महामार्गावर ठोकरलेल्या जीपचे सरळ केलेले मडगार्ड ही सगळी एकाच जातीच्या कौशल्याची कामे होत. ते कौशल्य म्हणजे पत्रेकाम. शहापूरपासून मुरबाडपर्यंत नाक्यानाक्यावरच्या गॅरेजांत हे काम करणारे तरुण भेटतात. त्यांना कोणी कारागीर म्हणत नाही. ‘डेंटिंगवाला’ एवढीच त्यांची ओळख असते.

याच कामाला अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत एक निराळे रूप लाभले आहे. तेथे सपाट पत्रा हातोडीने घडवून स्वतःची मोटार उभी करणाऱ्या हौशी मंडळींचा एक समुदायच आहे. निवृत्त शिक्षक, शेतकरी, कारखान्यातले कामगार असे नाना तऱ्हेचे लोक कोणाच्या तरी शेडमध्ये दोन-चार दिवस एकत्र जमतात, आपापली अवजारे आणतात आणि एकमेकांच्या चुका पाहत शिकतात. मोबदल्याचा प्रश्नच नसतो. एकेका गाडीला पाच-सात वर्षे लागली तरी कोणाची तक्रार नसते. आपल्याकडे ही गोष्ट श्रीमंतांचे चोचले म्हणून हसण्यावारी नेली जाईल. परंतु त्या मंडळींनी जे जतन केले आहे ते पाहिल्यावर हसू आवरते घ्यावे लागते.

पत्रा वाकवणे सोपे असते. नळकांडे कोणीही करील. खरी परीक्षा आहे ती पत्र्याला एकाच वेळी दोन दिशांनी गोलाई देण्यात. मोटारीच्या मडगार्डला किंवा छपराच्या कोपऱ्याला अशीच गोलाई असते. पळसाच्या पानाचा द्रोण करताना काठाला चुण्या घालाव्या लागतात. त्याशिवाय सपाट पान खोलगट होत नाही. पत्रेकाम करणाराही काठाला तशाच चुण्या घालतो, पण पुढे त्या चुण्या हातोडीने धातूतच जिरवतो. काठ आखडतो, तेथे पत्रा किंचित जाड होतो आणि मधला भाग फुगून वर येतो. किंवा याच्या उलट, वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने मधला भाग ठोकून ताणायचा. तेथे पत्रा पातळ होतो. मोटारीचा पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. तेवढ्यात आखडणे आणि ताणणे यांचा हिशेब जमवायचा, तोही कागदावर न मांडता, हाताच्या अंदाजाने. ठोकता ठोकता धातू कडक होत जातो; मग तो तापवून मऊ करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लाल होत नाही, म्हणून जुने कारागीर त्यावर साबण चोळतात आणि साबण काळा पडला की आच काढून घेतात. शेवटी दोन चाकांमध्ये पत्रा पुढेमागे फिरवून हातोडीच्या खुणा घोटून काढायच्या. हे ज्ञान पुस्तकात सापडते, पण पुस्तकातून हातात उतरत नाही.

महाराष्ट्राला हे परकेही नाही. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांच्या आळीत आजही मठारकाम चालते. बंबावर किंवा घंगाळावर ओळीने उठवलेले ते हातोडीचे ठसे केवळ शोभेसाठी नसतात; त्या मठारण्याने धातू घट्ट होतो आणि भांड्याला ताठपणा येतो. मोटारीचे मडगार्ड घोटणारा कारागीर आणि घंगाळ मठारणारा तांबट यांचे शास्त्र एकच. एका कामाला वारसा म्हणून प्रदर्शनात जागा मिळते, दुसऱ्याला गॅरेजच्या काळ्या तेलात. एवढाच काय तो फरक.

मोटार घडवण्याची हौसही येथे नवी नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. मोठी पदवी नाही, मागे मोठे भांडवल नाही. असे असता सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी करण्याचा ध्यास त्यांनी घेतला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते नमुन्यामागून नमुना सुधारत राहिले. तो काळ परवान्यांचा होता. १९७० साली छोट्या मोटारीचे इरादापत्र संजय गांधी यांच्या योजनेला मिळाले आणि १९८३ साली जपानी सहकार्याने ‘मारुती ८००’ रस्त्यावर आली. ‘मीरा’ मात्र बाजारात आलीच नाही. ती गाडी धंदा म्हणून यशस्वी झाली असती की नाही, याचा तर्क करण्यात आता अर्थ नाही. इचलकरंजीत घडलेली ती कसबी परंपरा पुढच्या पिढीच्या हाती गेली नाही, हे नुकसान अधिक मोठे होय.

यानंतर सुमारे चार दशकांनी सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे तीच कथा लहान प्रमाणावर पुन्हा घडली. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातले सुटे भाग जमवून मुलाच्या हौसेखातर जीपसारखी एक छोटी चारचाकी तयार केली. खर्च साठ हजार रुपयांच्या आसपास. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारली की ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्र उद्योगसमूहाचे प्रमुख आनंद महिंद्र यांनी तिची प्रशंसा केली. त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, असेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. उद्योगपतीचे औदार्य निःसंशय स्तुत्य. कारागिराच्या कुटुंबालाही आनंद झाला. तथापि या गोड कथेचा शेवट नीट पाहिला तर काय दिसते? कारखान्याची गाडी रस्त्यावर धावू लागली आणि हाताने घडवलेली गाडी प्रदर्शनाची वस्तू झाली.

दोष उद्योगपतीचा नाही आणि परिवहन अधिकाऱ्याचाही नाही. कायद्यात अशा गाडीसाठी दारच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६व्या नियमानुसार उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतला पाहिजे. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी हा नियम अगदी योग्य आहे. पण नव्या मोटारींच्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०१७ पासून धडकचाचणी लागू झाली. ज्याने आयुष्यात एकच गाडी घडवली, त्याने ती भिंतीवर आपटून फोडायची आणि मग क्रमांक कशाला लावायचा? कारखान्याच्या गाडीत फेरफार करण्याचा मार्गही बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असे ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षाही आली.

या कठोरपणामागचे कारण क्षुल्लक मानता येणार नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कर्कश भोंगे, डोळे दिपवणारे दिवे, बेसुमार रुंद चाके लावून मिरवणाऱ्या गाड्यांना मोकळे रान द्यावे, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. भंगारातून केलेल्या गाडीचे ब्रेक ऐन उतारावर लागतील याची हमी हौस देऊ शकत नाही. माळशेज घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुरबाडकरांना तर हे सांगायला नकोच. प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नाहीच. एकट्या कारागिराला पेलेल अशी तपासणी असावी की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ब्रिटनने त्याचे उत्तर शोधले आहे. तेथे २००९ पासून प्रत्येक सुट्या वाहनाला स्वतंत्र मान्यता देण्याची पद्धत आहे आणि हौशी माणसाने स्वतः घडवलेल्या गाड्या तीत स्पष्टपणे समाविष्ट आहेत. निरीक्षक ती एकच गाडी तपासतो: ब्रेक, सुकाणू, आसनांचे पट्टे, दिवे, धूर. पादचाऱ्याला लागू शकेल अशा बाहेरच्या कडा किती गोलाव्यात याचेही माप तेथे ठरलेले आहे. गाडी मोडावी लागत नाही. नापास झाली तर दोष सांगितले जातात, ते दुरुस्त करून पुन्हा यायचे. शाळेच्या परीक्षेसारखाच हा प्रकार. शिक्षकवर्गाला तो निराळा समजावून द्यावा लागणार नाही.

आपल्या शासनालाही असे दार उघडता येते, याचा पुरावा शासनानेच दिला आहे. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. या गाड्या रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाहीत. प्रदर्शन, मेळावे, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठी त्या रस्त्यावर आणता येतात. मालिका वेगळी, अटी वेगळ्या, शुल्क वेगळे. म्हणजे नियमांच्या एकसारख्या साच्यात न बसणाऱ्या हौसेसाठी मर्यादित परवानगीची सोय करणे राज्यव्यवहाराला अशक्य नाही. मात्र ही सोय झाली ती जुन्या मोटारी बाळगू शकणाऱ्यांची. त्या मोटारींचे गंजलेले मडगार्ड जो पुन्हा घडवून देतो, त्याने स्वतःची गाडी केली तर ती बेकायदा. वेगमर्यादा घालावी, महामार्गावर बंदी ठेवावी, प्रवासी वाहतूक मुळीच करू देऊ नये, ब्रेकची तपासणी दर वर्षी सक्तीची करावी. अशा अटींवर हातघडणीच्या वाहनांसाठी आणखी एक मालिका काढण्यास अडचण कोणती?

अभियांत्रिकी महाविद्यालयांची गोष्ट येथे सहज आठवते. २००७ पासून देशात ‘बाहा’ नावाची स्पर्धा भरते आणि विद्यार्थ्यांचे संघ स्वतः बांधलेल्या गाड्या आखलेल्या मैदानावर पळवतात. उपक्रम उत्तम आहे. त्याला प्रायोजक मिळतात, प्राध्यापक मिळतात, परीक्षक मिळतात. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेलेल्या किंवा शाळा सोडून गॅरेजमध्ये हेल्पर झालेल्या मुलाला मात्र असे मैदान नाही आणि परीक्षकही नाही. एक प्रयोग करतो तो अभियंता होण्यासाठी. दुसऱ्याने तोच प्रयोग केला की त्याला ‘जुगाड’ म्हणायचे. शब्दांची ही वाटणी फारशी निरागस नाही.

कसबाला मागणीच उरली नाही तर हौसेचे लाड कशाला, असा आक्षेप व्यवहारी वाचक घेईल. तो अर्धा खरा आहे. आजच्या मोटारींचे भाग मोठ्या दाबयंत्रांतून निघतात. पोचा पडला की ठोकत बसण्याऐवजी अख्खा भाग बदलण्याकडे कल असतो. राहिलेले पोचे ‘लांबी’ भरून, वर रंग मारून झाकले जातात. शहापूरच्या दोन पावसांत त्या लांबीखाली गंज धरतो आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते. परंतु धंद्याला ज्याची घाई आहे ते काम कसब शिकवीत नाही, आणि म्हणूनच हौशी माणसाची गरज असते. जो पाच वर्षे एकाच मडगार्डवर हात चालवू शकतो, तोच आखडण्या-ताणण्याचे शास्त्र पुढे नेतो.

आणि शिकवणारे हात अजून आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली तेव्हा तिचा सांगाडा लाकडी होता आणि छत कापडी. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाणाऱ्या हजारो गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. त्या कार्यशाळांतून निवृत्त झालेले पत्रेकामगार गावोगाव आहेत. त्यांना मानधन देऊन शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रविवारी बोलावले, आणि वाळूची पिशवी, मोगऱ्या, ऐरण व पत्रा घोटण्याचे एक चाक एवढे साहित्य दिले, तर त्याचा खर्च शासनाच्या एखाद्या मेळाव्याच्या मांडवाहूनही कमी येईल. तपासणीचे नियम केंद्राने करायचे आहेत. हे काम राज्याला दिल्लीची वाट न पाहता येत्या सत्रापासून सुरू करता येईल. शेणव्याच्या नाक्यावरून रविवारच्या एसटीने शहापूरला यायला त्या डेंटिंगवाल्या मुलाला फार वेळ लागणार नाही. तेथे पोचल्यावर कार्यशाळेला कुलूप नसावे.